मागच्या खुर्चीवरची हवा

पोरी, सिम्युलेटरच्या पुढच्या दोन खुर्च्यांवर बसणाऱ्याची धांदल तुला ठाऊक आहे. आता तू मागे बसणार. मागच्या खुर्चीसमोर कंट्रोल कॉलम नसतो, पडदा असतो. पडद्यावर नकाशा, नकाशावर इवलंसं विमान, आणि तू बोट ठेवशील तिथे पाऊस, धुकं, वारा, गारा. इतकी सत्ता हाती आली की नव्या इन्स्ट्रक्टरला सगळंच एकदम लावून बघावंसं वाटतं. म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालते.

यातल्या निम्म्या माझ्या नाहीत, गुरुजींच्या आहेत. ते हवामान खात्यातले, पुण्याच्या शिमला ऑफिसात वाढलेले. खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीला आणि पुढे चौकालाही ते नाव चिकटलं. त्या काळी तिथे हवेचे नकाशे हाताने भरत. गुरुजी म्हणायचे, नकाशावर आकडा लिहिण्याआधी तो कुणी पाहिला, केव्हा पाहिला आणि किती उंचीवर पाहिला ते विचारा. संगणक आले, पडदे आले, तरी ते तीन प्रश्न काही जुने झाले नाहीत.

तीन हवा एकमेकींत मिसळू देऊ नकोस

मागच्या खुर्चीवर बसलीस की तुझ्यासमोर एकाच वेळी तीन हवा असतात. पहिली सांगितलेली हवा, म्हणजे मेटार आणि टॅफमधली, विमानतळाने जगाला कळवलेली. दुसरी भरलेली हवा, म्हणजे सिम्युलेटरच्या पोटात या क्षणी प्रत्यक्ष चालू असलेली. ती तू स्वतः घातलेली असेल किंवा इंटरनेटवरून आलेली. तिसरी दिसणारी हवा, म्हणजे विद्यार्थ्याला खिडकीतून, रडारवर आणि घड्याळांवर जेवढी कळते तेवढी.

समज, मेटार म्हणतो दृश्यमानता ३,००० मीटर. तू धड्यासाठी ती १,५०० वर आणलीस. विद्यार्थ्याने मघाशी ऐकलेल्या एटिसमध्ये ५,००० होती. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण नकाशावर नुसतं ‘१५००’ दिसलं आणि ते कुठून आलं हे तुलाच आठवेना, तर त्याने घेतलेला निर्णय चुकला की त्याला मिळालेली माहिती जुनी होती, हे तुला ठरवता येणार नाही. आणि ते ठरवणं हेच तर तुझं काम.

म्हणून सवय लाव. सांगितलेल्या हवेचा आकडा एका रंगात, भरलेल्या हवेचा दुसऱ्या रंगात. पडद्याला तशी सोय नसेल तर मेटारची पट्टी खाली आणि भरलेली हवा वरच्या कोपऱ्यात, ही जागा ठरवून टाक आणि कधी बदलू नकोस. दिसणाऱ्या हवेसाठी विद्यार्थ्याच्या पडद्यांची नक्कल दाखवणारं पान असतं. ते एका बोटाच्या अंतरावर ठेव. पुढचं जे काही सांगणार आहे, ते सगळं या तीन हवांभोवतीच फिरतं.

आकड्याला जन्मवेळ हवी

मेटार झेड वेळेत असतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे. ०१३० झेड म्हणजे आपले सकाळचे सात. हे गणित तू झोपेतही करशील, पण सिम्युलेटरमध्ये त्यात आणखी एक घड्याळ येतं: सिमचं स्वतःचं. बाहेर सकाळचे अकरा वाजलेत, धड्यात तू संध्याकाळचे सहा लावलेत, आणि हवा मात्र इंटरनेटवरून आत्ताची ओढलीस. मग सूर्य मावळतीला आणि हवा सकाळची, असा घोळ होतो.

आपल्या म्हैसूरकडे तर हा फरक मोठाच. एप्रिल-मेमध्ये सकाळी आभाळ स्वच्छ आणि वारा नावापुरता. दुपार कलली की ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सरी कोसळतात. मे महिन्याची संध्याकाळ लावून त्यावर सकाळची शांत हवा पसरलीस, तर विद्यार्थी अशी संध्याकाळ शिकून जाईल जी इथे क्वचितच पडते.

तेव्हा नकाशावर प्रत्येक रिपोर्टशेजारी त्याची वेळ दिसू दे. अर्ध्या तासाने नवा रिपोर्ट येईल तेव्हा सिम तो आपोआप उचलणार आहे का, हेही आधीच बघून ठेव. ऐन फायनलवर जुना मेटार जाऊन नवा आला आणि ढग दोनशे फूट खाली आला, तर ती परीक्षा तू घेतलेली नसते, इंटरनेटने घेतलेली असते. धडा सुरू झाला की आपोआप बदलणं बंद कर. बदल हवाच असेल तर तुझ्या हाताने होऊ दे.

सर्वांत जवळचं ठाणं आपलंच असेल असं नाही

लहान विमानतळांचे रिपोर्ट दिवसरात्र मिळतीलच असं नाही. रिपोर्ट नसला की बरीच सिम्युलेटरं शेजारच्या ठाण्याची हवा उसनी घेतात. आता म्हैसूरचं बघ. इथल्या मंडकळ्ळी विमानतळाहून सरळ रेषेत मोजलं तर बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळापेक्षा कन्नूरचा विमानतळ जवळ पडतो. अंतर मोजणारं यंत्र खुशाल कन्नूर निवडेल. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. कन्नूर घाटाखाली, समुद्राच्या बाजूला, पावसाळ्यात ढगांच्या थेट तोंडाशी. आपण घाटामागे, पावसाच्या आडोशाला. जुलैतली कन्नूरची हवा म्हैसूरवर पसरणं म्हणजे कोकणातला पाऊस उचलून सांगलीवर पाडणं.

त्यात आणखी एक खोच आहे. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. सिम्युलेटरच्या पोटात मात्र ढगांचे थर बहुतेकदा समुद्रसपाटीपासून मांडलेले असतात. कन्नूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे-साडेतीनशे फुटांवर. तिथे १,५०० फुटांवर ढग असला तर तो समुद्रसपाटीपासून अठराशेच्या आसपास आला. म्हैसूरची धावपट्टी साधारण तेवीस-चोवीसशे फुटांवर. म्हणजे तोच थर इथे आणलास तर ढग जमिनीच्या खाली! यंत्र अशा वेळी ढगच दाखवणार नाही, किंवा धावपट्टी ढगात बुडवून टाकेल. दोन्ही वेळा विद्यार्थी बिचारा बावचळतो.

म्हणून नकाशावर रिपोर्ट कुठल्या ठाण्याचा आहे ते चार अक्षरी नाव दिसलंच पाहिजे, आणि ढगाच्या उंचीपुढे ती जमिनीपासूनची आहे की समुद्रसपाटीपासूनची, हेही. मी म्हैसूरसाठी उसनी हवा कधी घेत नाही. थर हाताने भरते. घाटाच्या अलीकडे-पलीकडे ज्या ज्या विमानतळांच्या जोड्या आहेत, त्या सगळ्यांसाठी हेच करावं.

वारा: कुठून, किती उंचीवर, कुठल्या उत्तरेने

नकाशावर वारा दोन तऱ्हांनी काढतात. हवामानवाल्यांची जुनी काठी, म्हणजे बार्ब: ठाण्यापासून काठी निघते ती वारा जिकडून येतो त्या दिशेला, तिच्यावरची अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट, पूर्ण रेघ १०, भरीव त्रिकोण ५०. दुसरी तऱ्हा साध्या बाणाची. बाणाचं टोक वारा जातो तिकडे. दोन्ही एकाच पडद्यावर आल्या की कुणाचीही गल्लत होते. एक निवड, दुसरी बंद कर. मी बार्ब ठेवते, कारण विद्यार्थ्याला परीक्षेत आणि पुढे नोकरीतही तीच वाचायची असते.

मग उंची. ‘वारा २७०, ३० नॉट’ हा आकडा उंचीशिवाय निरर्थक. जमिनीवर दहा नॉट असताना पाच हजार फुटांवर तीस असणं पावसाळ्यात आपल्याकडे नवलाचं नाही. पडद्याला वाऱ्याचे थर निवडायची सोय असते. विमान सर्किटमध्ये असेल तर जमिनीचा आणि सर्किटच्या उंचीचा, असे दोनच थर दाखव. वाटचालीत असेल तर विमान ज्या उंचीवर आहे तो आणि जिथे जाणार आहे तो. बाकीचे झाकून ठेव.

आता उत्तर. मेटारमधल्या वाऱ्याची दिशा भौगोलिक उत्तरेपासून असते. धावपट्टीचा क्रमांक आणि टॉवरने तोंडी सांगितलेला वारा चुंबकीय उत्तरेपासून. दक्षिण भारतात या दोन उत्तरांत एक-दोन अंशांचाच फरक, म्हणून इथे शिकलेल्यांना त्याची कधी जाणीवच होत नाही. तोच विद्यार्थी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तास भरायला गेला की फरक दहा अंशांच्या वर जातो. नकाशावर दिशेपुढे खूण असू दे, आणि एखाद्या धड्यात मुद्दाम तिकडचा विमानतळ लाव.

शेवटी धावपट्टी. नुसत्या दिशेपेक्षा समोरचा आणि आडवा वारा वेगळा काढून दाखवणारी चौकट जास्त कामाची. ती नसली तर डोक्यात ठेव: धावपट्टीशी तीस अंशांचा कोन असेल तर आडवा वारा निम्मा, साठ अंशांना जवळजवळ पूर्णच. म्हैसूरला २७ वर उतरताना ३०० वरून १६ नॉट वारा असेल, तर आडवा ८ आणि समोरचा साधारण १४. तोच वारा ठेवून विद्यार्थी ०९ मागू लागला, तर ते १४ नॉट पाठीमागून येणार. धावपट्टी बदलताक्षणी चौकटीतला आकडा बदलतो का, ते आधी तपासून घे. काही पडद्यांवर जुन्याच धावपट्टीचा आकडा तसाच राहतो.

यावर इतका भर का, ते तुला माहीत आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान आधी २८ वर उतरायला आलं, वर गेलं, आणि मग १० वर आलं. वारा पाठीमागून होता. जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे गेल्यावर चाकं टेकली, विमान टेबलटॉप धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळलं आणि २१ जीव गेले. चौकशी अहवालाने मुख्य बोट ठेवलं ते अस्थिर अप्रोच तसाच चालू ठेवण्यावर आणि सांगूनही गो-अराउंड न करण्यावर. मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याने यातून उचलायचं ते एवढंच: धावपट्टी बदलणं हा हवेचाही बदल असतो, आणि तो विद्यार्थ्याच्या तोंडून वदवून घ्यायचा. तुझ्या नकाशावर पाठीमागचा वारा लाल झाला, तरी तू बोलू नकोस. त्याने विचारलं का, एवढंच बघ.

दाब नकाशावर दिसत नाही, म्हणून तो लिहून ठेव

क्यूएनएच ही भरलेल्या हवेतली सर्वांत गुपचूप गोष्ट. पाऊस दिसतो, वारा जाणवतो, दाब दिसत नाही. एक हेक्टोपास्कल म्हणजे ढोबळमानाने तीस फूट. तू क्यूएनएच १००८ लावलास आणि विद्यार्थ्याने आपलं अल्टिमीटर १०१३ वरच ठेवलं, तर तो स्वतःला वाटतं त्याहून दीडशे फूट खाली असतो. सपाटीवर हे खपून जाईल. पण आपल्या विमानतळाच्या उत्तरेला चामुंडीचा डोंगर धावपट्टीपेक्षा हजार फुटांहून उंच उभा आहे, आणि ढगात तो कुणाला दिसत नाही.

नकाशावर विमानाशेजारी जी उंची लिहिलेली असते, ती खरी आहे की विद्यार्थ्याच्या अल्टिमीटरवर दिसणारी, हे पहिल्याच दिवशी शोधून काढ. दोन्ही दाखवता येत असतील तर दोन्ही दाखव. त्या दोन आकड्यांत फरक दिसला की समजावं, सेटिंग राहिलं आहे.

प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली असावी

जेवणाच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे इतकं ठरलेलं असतं की अंधारातही हात चुकत नाही. शिमला ऑफिसातले नकाशे याच शिस्तीचे होते आणि जगभर आजही तीच रीत आहे: मध्ये गोल, तो जितका भरलेला तितकं आभाळ ढगांनी झाकलेलं, डावीकडे वर तापमान, डावीकडे खाली दवबिंदू, उजवीकडे वर दाब. लेबल एकही नाही, तरी वाचणारा अडखळत नाही.

तुझ्या पडद्यावर तीच मांडणी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर जी आहे ती पाठ कर, आणि केंद्रातल्या सगळ्या इन्स्ट्रक्टरांनी मिळून एकच मांडणी पक्की करा. एकाच्या पडद्यावर उजवीकडे दाब आणि दुसऱ्याच्या पडद्यावर तिथेच दवबिंदू, असं झालं की खुर्ची बदलताना पहिल्या दहा मिनिटांत चुका होतात.

तापमान आणि दवबिंदू लोक झाकून टाकतात, मोठ्या नकाशावर गर्दी नको म्हणून. मी उड्डाणापूर्वी ते दाखवते. दोघांतलं अंतर मिटत आलं तर धुकं येतंय हे कळतं. आणि म्हैसूरच्या एप्रिलमध्ये पारा ३५ वर गेला की मंडकळ्ळीची घनता-उंची पाच हजार फुटांच्या घरात जाते. धावपट्टी मात्र तीच, १,७४० मीटरची. छोट्या विमानाला ती पुरते, पण चढण्याचा जोर मंदावतो. तापमानाचा आकडा समोर नसेल तर तू विमानाच्या मंद चढण्याचं खापर विद्यार्थ्याच्या हातावर फोडशील.

अंतर बदललं की थर बदल

नकाशा दहा मैलांवर असताना लागतो जमिनीचा वारा, दृश्यमानता, ढगाचा तळ. चाळीस मैलांवर पावसाचे पट्टे आणि उतरण्याच्या वाटेवरचा वारा. दीडशे मैलांवर मोठी वादळं आणि पर्यायी विमानतळांचं हवामान. तिन्ही अंतरांवर तिन्ही गोष्टी दाखवायचा हट्ट धरलास तर विमान कुठे आहे तेच दिसेनासं होतं. बहुतेक पडद्यांवर ठरवून ठेवलेली दृश्यं साठवता येतात. अशी तीन साठव आणि बटणाने बदल. धडा चालू असताना यादीत शिरून थर शोधत बसलीस तर तेवढा वेळ पुढे काय चाललंय याकडे तुझं लक्ष नसतं.

हिरवा म्हणजे बरा, असं समजू नकोस

रडारचे रंग तुला पाठ आहेत: हिरवा हलका पाऊस, पिवळा मध्यम, लाल जोराचा, आणि अनेक रडारांवर जांभळट रंग म्हणजे खळबळ. पण नकाशाच्या पार्श्वभूमीवर डोंगर-दऱ्याही हिरव्या-तपकिरी रंगातच असतात. घाटावरचं जंगल आणि घाटावरचा पाऊस एकच दिसू लागतो. पाऊस लावलास की जमिनीचे रंग विझव, नुसती करडी ठेव. सिम्युलेटरच्या आत अंधार असतो, तेव्हा पडद्याचा उजेडही कमी कर. नाहीतर तो पुढच्या काचेवर उमटतो आणि रात्रीच्या धड्याची रात्रच जाते.

नुसत्या रंगांवर विसंबूही नकोस. लाल-हिरवा भेद नीट न कळणारे लोक असतात. तुझ्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसेल सांगता येत नाही. वादळाच्या ठिपक्याशेजारी त्याच्या माथ्याची उंचीही लिहिलेली असली म्हणजे झालं.

तुझं वादळ आणि त्याचं वादळ

विद्यार्थ्याच्या रडारला दिसतात ते पाण्याचे थेंब. धुकं दिसत नाही, कोरड्या गारा नीट दिसत नाहीत, आणि एक जोरदार पाऊस मध्ये आला की त्याच्या मागचा पाऊस अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही. रडारचा कोन खाली-वर करायला तो विसरला तर वादळाचं डोकंच तेवढं दिसतं किंवा पायच. तुझ्या नकाशाला या कुठल्याच मर्यादा नाहीत. तू सगळी वादळं वरून बघतेस.

म्हणूनच त्याच्या चुकीवर पटकन रागावू नकोस. ‘समोर एवढं मोठं वादळ दिसत नव्हतं का?’ असं म्हणण्याआधी त्याच्या रडारचं पान उघड आणि बघ, त्याला काय दिसत होतं. वादळापासून वीस मैल दूर राहावं हा नियम त्याला तोंडपाठ असतो. एका वादळाला वळसा घालताना त्याच्या आड लपलेल्या दुसऱ्यात तो शिरला, तर शिकवायचा मुद्दा नियमाचा उरत नाही. रडारच्या सावलीत काय असू शकतं, याचा होतो.

धुकं वाटून ठेव

बंगळूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लावशील तेव्हा नकाशावर एकच आकडा ठेवू नकोस. धावपट्टीवरची दृश्यमानता सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला वेगळी असते. कॅट वन अप्रोचला साधारण ५५० मीटर लागतात. सुरुवातीला ६०० आणि टोकाला ३०० असतील तर उतरणं जमेल, पण पुढे टॅक्सीवे शोधताना घाम फुटेल. तीनही आकडे धावपट्टीच्या कडेने लिहिलेले दिसावेत.

बदल सावकाश कर, एक अपवाद सोडून

हवा झटक्यात बदलत नाही. तू मात्र ती झटक्यात बदलू शकतेस. दृश्यमानता दहा किलोमीटरवरून एकदम आठशे मीटर केलीस की विद्यार्थी ओळखतो, इन्स्ट्रक्टरने बटण दाबलं. मग तो आकाश बघायचं सोडून तुझ्या बटणांचा अंदाज बांधू लागतो. बदलाला वेळ लावायची सोय असेल तर पाच-दहा मिनिटं लाव. विमान उचलून दुसरीकडे ठेवायचं असेल तर आधी सगळं थांबव, हवा तपास, मग सोड.

अपवाद विंडशिअरचा. मायक्रोबर्स्ट म्हणजे वरून कोसळणारी हवा, व्यास चार किलोमीटरच्या आतला. आधी समोरचा वारा वाढतो आणि विमान उचललं गेल्यासारखं वाटतं, मग खालचा झोत, मग पाठीमागचा वारा. २ ऑगस्ट १९८५ ला डल्लासला डेल्टा १९१ याच साखळीत सापडलं, आणि पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत विंडशिअर शिकवण्याची पद्धतशीर सामग्री तयार झाली. दीडशे मैलांच्या नकाशावर मायक्रोबर्स्ट एक टिंब असतो, म्हणून तो लावण्याआधी नकाशा दहा मैलांवर आण. त्याचा मध्य आणि घेर धावपट्टीच्या रेषेवर बरोबर बसला आहे ना, ते बघ. अर्धा मैल बाजूला पडला तर विद्यार्थ्याला नुसता हादरा बसेल आणि धडा वाया जाईल.

धड्याआधी चार ठिकाणी एकच वारा बघ

विमान धावपट्टीच्या तोंडाशी ठेव. नकाशावरचा वारा, एटिसचा वारा, वाऱ्याचा पिशवीझेंडा आणि विमानाच्या पडद्यावरचा वारा, चारही जुळतात का ते बघ. उत्तरेचा फरक सोडला तर जुळायला हवेत. मग विमान पाच हजार फुटांवर ठेव आणि तिथला वारा तपास. दाब आणि अल्टिमीटर जुळतात का बघ. एवढ्याने पुढची बरीच कटकट वाचते.

घरी लॅपटॉपवर सराव करणाऱ्या मुलांनाही हेच सांग. एक्स-प्लेनसारख्या सिममध्येही इन्स्ट्रक्टरचा नकाशा दुसऱ्या पडद्यावर काढता येतो. त्याची ‘खरी हवा’ मेटार आणि अमेरिकेच्या जागतिक हवामान-मॉडेलचे आकडे एकत्र करून उभी राहते. म्हणजे तीही कुणीतरी भरलेलीच हवा. दोन मित्रांनी आलटून पालटून मागच्या खुर्चीवर बसलं तर दोघंही शिकतील.

आणि चौथी हवा

लिंक ट्रेनर हे पहिल्या पिढीतलं सिम्युलेटर, एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास बनवलेलं. त्यात इन्स्ट्रक्टरच्या टेबलावर कागदी नकाशा असे आणि त्यावर चाकांचं एक छोटं यंत्र शाईने विद्यार्थ्याची वाट रेखत जाई. विमान कुठे गेलं ते त्या रेघेवरून कळायचं. का गेलं ते कळत नसे.

आजचा पडदा त्या रेघेखाली हवाही दाखवतो, म्हणून डिब्रीफच्या वेळी नवे इन्स्ट्रक्टर लगेच सगळा नकाशा उघडतात आणि बोट फिरवत चुका सांगतात. तू तसं करू नकोस. आधी हवेचे सगळे थर बंद कर. नुसता कोरा नकाशा आणि त्याची वाट ठेव. विद्यार्थ्याच्या हातात पेन दे आणि सांग, तुला वाटलं तिथे वादळ काढ, तुला वाटला तसा वारा काढ, ढग किती उंचीवर होता ते लिही. ही त्याच्या डोक्यातली हवा, चौथी. त्याने घेतलेला प्रत्येक निर्णय त्याने या चौथ्या हवेवरून घेतलेला असतो. तू काय लावलं होतंस त्यावरून नव्हे.

मग एकेक थर चालू कर. त्याने काढलेलं वादळ आणि रडारवरचं वादळ जुळत नसेल, तर रडार वाचायला शिकव. रडार बरोबर वाचलं पण एटिस जुना धरून बसला असेल, तर विचारायला शिकव. सगळं बरोबर काढलं आणि तरीही उतरायला गेला असेल, तर ती गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. तिथे नकाशा बाजूला ठेवून बोल. तीन वेगळे आजार आहेत हे, आणि तिन्हींत कागदावरची रेघ सारखीच वाकडी येते.

पहिल्या महिन्यात प्रत्येक डिब्रीफला हे कर. वेळ लागतो, वेळापत्रक लिहिणारे कुरकुर करतील, करू दे. पण विद्यार्थ्याने काढलेले ते कागद टाकू नकोस. एकाच मुलाचे पहिले आणि शेवटचे कागद शेजारी ठेवून बघ. त्याच्या चेक राइडचा निकाल तुला आदल्या दिवशीच सांगता येईल.